येसाजीचं काळपान

येसाजी कुंडीपाशी बसला की आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करी आणि कान लावून ऐके. माती चिमटीत धरून हुंगी. सुतळीचा वीतभर तुकडाही टाकत नसे, करगोट्याला गुंडाळून ठेवी. पाणी देताना तांब्या उजव्या हातात आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरलेलं. ही बंगल्यातली रीत घरीही सुटली नव्हती. बायकोशी बोलताना तिच्याकडे पाहत नसे. झाडाशी बोलताना पाही. खोकला आला की उठून अंगणात जाई, आणि कुणाला हाक मारायला गेलो होतो अशा चेहऱ्याने परत येई.

ही शेवटची सवय नवी होती.

येसाजी घाटाखालच्या कापडे गावचा. महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर सव्वीस वर्षं माळी होता. मृग लागला की बंगला बंद होई. भिंतींना पावसासाठी गवताचे झाप बांधत, साहेब आणि मडम खाली पुण्याला जात. फुलांच्या कुंड्या तिथेच राहत. एक कुंडी मात्र गोणपाटात गुंडाळून येसाजीच्या डोक्यावरून आंबेनळीचा घाट उतरे. बंद बंगल्यात चार महिन्यांत चामड्याच्या खुर्च्यांनाही बुरशी येई. येसाजीच्या घरात चुलीमागची कोंदट खोली होती, धुराने कोरडी राहिलेली. कुंडी तिथे दसऱ्यापर्यंत राही.

त्या झाडाला खोड नव्हतं. मातीतूनच हात-हातभर लांब पानं सरळ वर आलेली, इतकी गर्द हिरवी की अंधारात काळीच दिसत. फूल दिसत नसे, फळ नव्हतं, वासही नव्हता. मडम त्याला काय म्हणे ते येसाजीच्या जिभेला कधी जमलं नाही. तो काळपान म्हणे.

"काय रे येसाजी," शेजारचा गोमाजी दरवर्षी विचारी, "आणलंस मडमेचं पोर? मडम येवढी गोरी, आन् पोर असं कुट्ट कसं रे?"

"तुझ्यावर गेलंय," येसाजी म्हणे आणि कुंडी आत नेई.

बत्तीस सालच्या फाल्गुनात त्याची मुलगी मैना सासरहून परत आली. नवरा मुंबईला गिरणीत होता. तिथे त्याने दुसरी ठेवली होती. सासऱ्याने मैनेला एक गाठोडं बांधून दिलं आणि पोलादपुरापर्यंत सोबत केली, एवढंच. मैना बावीस वर्षांची होती. मूल नव्हतं.

येसाजीला मुलगा नव्हता. भाताची दोन खाचरं होती, ती त्याच्यामागे पुतण्यांकडे जायची. साळूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते चुलती म्हणून भाकरी देतील. मैनेला काय म्हणून देतील?

वैशाखात गुलाबाच्या वाफ्यात खोकताना त्याच्या तोंडातून रक्त पडलं. त्याने त्यावर माती ओढली. त्याच आठवड्यात त्याने बटलरकरवी मडमेला विचारलं. माझ्यामागे माझ्या पोरीला घरातल्या कुंड्यांच्या कामावर घ्या, मागची माझी खोली तिला राहू द्या. मडम हसली. वाईट हसली नाही. पोरीने हे झाड पावसाळाभर सांभाळावं, दसऱ्यानंतर जसंच्या तसं वर आणावं, मग ठेवीन, असं तिचं उत्तर बटलरने आणलं.

येसाजीला वाटलं, काम झालं. सव्वीस वर्षांत त्या झाडाचं कधी एखाददुसरं पान गेलं असेल, इतकंच.

त्या वर्षी कुंडी मैनेच्या डोक्यावरून घाट उतरली. येसाजी मागून दर वळणाला बसत आला.

"पंधरा दिसांनी एक ओंजळ पाणी," त्याने तिला सांगितलं. "जास्ती नाय."

"आन् सुकलं तर, बाबा?"

"सुकू दे. सुकलं तर उठंल. भिजलं तर नाय उठायचं."

"भाताला तर..."

"हे भात नाय गो! भात इसर. ह्याला काय पायजे ठावं हाय? काय बी नको. तू फकस्त गप बसायचं."

"गप बसायला ठेवणार व्हय मडम मला?" मैना म्हणाली. सासरहून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

तिने सांगितलं तसंच केलं. पंधरवडा मोजून एक ओंजळ घातली. वर एक थेंब नाही.

आषाढात लावणी झाली. श्रावण गेला. येसाजी आता बहुतेक वेळ चुलीजवळ पडून असे. झाड त्याला तिथून दिसे आणि बघून बरं वाटे. पानं अशी कधी चकचकली नव्हती.

भाद्रपदात गौरी यायच्या आदल्या दिवशी त्याला वाटलं, आपण उठून पानं पुसावीत. तो कुंडीपाशी गेला. टकटक केलं. आवाज बद्द आला, ओल्या मातीचा. माती हुंगली तर कुजक्या पेंढ्याचा वास. त्याने एक पान हलकेच ओढलं. ते हातात आलं. खालचं टोक तपकिरी, मऊ, शिजलेलं. दुसरं ओढलं. तेही आलं.

त्याने दोन्ही पानं पुन्हा मातीत खोचली आणि बोटाने माती दाबली. तेव्हा त्याला कुंडीची भिंतीकडची बाजू दिसली. तिथे कुंकू होतं, हळद होती. बोटाएवढा जाड थर.

साळूबाई चुलीवर भात घालत होती.

"किती दिस?" त्याने विचारलं.

ती लगेच समजली. "आखाडापास्नं."

"रोज?"

"रोज. न्हाले की तांब्याभर. मैना शेणाला जाते तवा." ती उभी राहिली. "अवो, पोरीचं सगळं त्या कुंडीत, आन् ती कोरडी ठेवायची? दिसभर गुडघाभर पाण्यात उभी ऱ्हाते मी. भात पाण्यावर, केळ पाण्यावर, तुळस पाण्यावर. पाण्याबिगर काय वाढल्यालं बघितलंय का मी जल्मात? माझा हात धजला नाय." मग म्हणाली, "आन् काय बिघडलं? पानं बघा की. गुण आलाय."

येसाजीला ओरडायचं होतं. खोकला आला. तो अंगणात गेला, आणि या खेपेला बराच वेळ परतला नाही.

खालचं मूळ गेलं तरी त्या पानाला महिना-दीड महिना कळत नाही. हे त्याला ठाऊक होतं. साळूबाईला नव्हतं. तो आत आला आणि एवढंच म्हणाला, "आता घालू नको. मैनेलाबी सांगू नको."

"काय सांगू नको?" साळूबाईने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी मैना ओंजळ भरून आली. "बाबा, पंधरवडा झाला. घालू?"

"आज नको."

"सुकंल ना."

"सुकू दे."

गौरी गेल्यावर दोघी बांधावर गवत कापायला गेल्या. येसाजीने कुंडी मागच्या पडवीत ओढत नेली. तेवढ्याला त्याला अर्धी सकाळ लागली. कुंडी आडवी करून त्याने माती काढली. आल्याच्या गड्ड्यासारखं कांड होतं, त्याचा चिखल झाला होता. विळ्याने तो एकेक तुकडा कापून बघत गेला. सगळे आत काळे. शेवटी अंगठ्याएवढा एक तुकडा घट्ट लागला, आतून पांढरा. त्याला एक पान होतं.

तो त्याने राखेत घोळवला. आता दोन दिवस सावलीत सुकवायचा आणि मग कोरड्या, चाळलेल्या मातीत लावायचा. तीस पानं ठेवून गेलेली मडम एका पानाला काय म्हणेल, हेही त्याला ठाऊक होतं. तो तुकडा त्याने शिंक्यात ठेवला. मग बिनमुळाची सगळी पानं एकेक करून कुंडीत परत खोचली आणि कुंडी जागेवर नेली. दोघी आल्या तेव्हा ती भरलेली दिसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पडवीत गेला. मैना दुपारी भाकरी द्यायला आली. तो भिंतीला टेकून बसलेला होता. धोतरावर रक्त होतं. अंग गार होतं.

बाराव्याच्या आत कुंडीतली पानं एकदम पिवळी पडली. मैनेने एक धरलं तर ते हातात आलं. तिला वाटलं, बापाच्या दुखवट्यात आपलंच काही चुकलं. रोजच्या तांब्याभर पाण्याचं साळूबाईने तिला सांगितलं नाही. दसऱ्यानंतर घाट कुणी चढलं नाही.

पडवीत विळा होता, राखेची वाटी होती. घासलेटच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली होती, तळाशी विटेचे तुकडे घातले होते, त्यावर निम्म्यापर्यंत कोरडी माती. उरलेली चाळून सुपात ठेवली होती. डब्यातल्या मातीत एक खड्डा करून झाला होता. शिंक्यातलं ते काय आहे, हे कुणाला माहीत नव्हतं.