कोपरा कापलेला पत्रा

आमच्या लॅबमध्ये फाटलेला पत्रा कोणी फेकत नाही. त्यावर नंबर टाकायचा आणि पेटीत ठेवायचा. कोणता तुकडा पुन्हा कधी पाहावा लागेल, काय सांगावं! किश्श्यांचंही तसंच झालं आहे. पेटी इतकी भरली की झाकण बसत नाही, म्हणून आज थोडी रिकामी करते.

मी रायपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, धातूच्या लॅबमध्ये आहे. शिक्षण मॅट्रिक. आमचे हे तिथल्या वर्कशॉपमध्ये होते. ते गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. कागदावर माझं काम झाडू आणि चहा. पण रोलिंग मशीनला दोन माणसं लागतात. भट्टीत तापवलेला मॅग्नेशियमचा पत्रा मशीन चालवणारे साहू भैया एका बाजूनं दोन रुळांच्या मध्ये घालायचे, आणि पलीकडे चिमट्यानं धरायला कोणीच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ते ओरडले, "दीदी, एला धर ले ना!"

मी धरला. तेव्हापासून धरूनच आहे!

* * *

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमच्याकडे नवे विभागप्रमुख आले. त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "अब राजधानी है, ऐसा नहीं चलेगा!"

पाहुण्यांना फिरायला जागा हवी म्हणून त्यांनी भट्टी पार कोपऱ्यात सरकवली. मॅग्नेशियमचा पत्रा फार लवकर थंड होतो. भट्टीतून मशीनपर्यंत चार पावलं चालतात, चौदा नाही. थंड पत्रा रुळात गेला की त्याच्या कडा करवतीसारख्या फाटतात. त्या दिवशी पाचही पत्रे फाटले.

साहेब म्हणाले, "बाई, आपके हाथ में ही दोष है।"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहू भैया आणि मी भट्टी ओढत परत जागेवर आणली. साहेब लालबुंद! "किसकी परमिशन से?"

मी म्हटलं, "पत्र्याच्या, साहेब."

* * *

एकदा साहू भैया करवतीनं पत्रा कापत होते, आणि खाली पडलेल्या बारीक चुऱ्यानं पेट घेतला. मॅग्नेशियमची आग पांढरीशुभ्र, डोळे दिपतात. साहेब स्वतः बादली घेऊन धावले. या आगीवर पाणी टाकलं तर ती विझत नाही, उसळते. बोलायला वेळ नव्हता. मी बादलीला लाथ मारली! सगळं पाणी साहेबांच्या बुटात. मग कोरडी वाळू टाकून आग दाबली.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. "आग लगने पर पानी न डालें। रेत डालने से पूर्व विभागप्रमुख की अनुमति लें।"

* * *

पाहुणे आले की साहेब माझी ओळख करून देत. "ये हमारी मेश्राम बाई। घर में रोटी बेलती हैं, यहाँ पत्रा।" सगळे हसत. दोन-तीनदा मीही हसले. चौथ्यांदा नाही.

"साहेब, पोळी फाटली तर मी चिमटीनं जोडते. हा फाटला तर तुम्ही जोडून दाखवा."

पाहुणे पुन्हा हसले. साहेब तेवढे हसले नाहीत.

* * *

आमच्याकडे पीएचडी करणारी पल्लवी रायपूरच्याच चौबे कॉलनीतली. मराठी घरची पोट्टी, पण उत्तर हिंदीत देते. एकदा मी विचारलं, "काहून गं, पत्रा सगळीकडे सारखाच दिसते, तरी दाबला की काहून फाटते?"

तिनं पत्त्यांचा कॅट आणला आणि टेबलावर आडवा ठेवला. "आंटी, ऊपर से दबाओ।" मी दाबलं. एक पान हललं नाही. मग तिनं कॅट थोडा कलता धरला. दाबताच पानं सरसर सरकली.

"एकाच दिशेनं लाटत राहिलं की आतले कण त्या आडव्या कॅटसारखे झोपतात, सरकत नाहीत," हे तिनं हिंदीत सांगितलं, मी मराठीत लक्षात ठेवलं. प्रत्येक फेरीनंतर पत्रा काटकोनात फिरवला, किंवा दोन रूळ वेगवेगळ्या वेगानं चालवले, तर कण तितके एकसारखे झोपत नाहीत. मग पत्रा वाकायला तयार होतो. त्याची परीक्षा म्हणजे गरम साच्यात दाबून वाटी करायची. किती खोल जाते आणि कधी फाटते, ते पाहायचं.

फिरवायचं काम अर्थात पलीकडे धरणारीचं. पण दिशेसाठी काढलेला खडूचा बाण भट्टीत पुसला जायचा, आणि पत्रा कोणत्या बाजूला फिरला आहे हेच कळेनासं व्हायचं. मी कात्रीनं एक कोपरा उडवला. कोपरा कुठे आहे ते पाहा, दिशा कळली!

पल्लवी म्हणाली, "आंटी, ये तो मेरे दिमाग में ही नहीं आया।"

मी म्हटलं, "तुले चिमटा धरा लागत नाही ना, म्हणून."

* * *

मग आला बदलीचा कागद. 'मशीनवर किमान डिप्लोमा आवश्यक.' बाहेरची तपासणी समिती येऊन गेली की पुढच्या सोमवारपासून मी गेटवर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. लॉगबुकात 'ऑपरेटर'खाली माझं नाव कधी लिहूच दिलं नव्हतं, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही.

"यहाँ साइन कीजिए," साहेब म्हणाले.

"गेटवर सह्या घ्यायच्याच आहेत ना? मग आज देत नाही."

* * *

समिती आली. साहेबांनी डिप्लोमावाले एक गृहस्थ आणले होते, निळा गणवेश, नवे हातमोजे. त्यांना सांगितलं होतं, पत्रा सरळ आणि सुंदर हवा, फिरवाफिरवी नको. त्या बिचाऱ्यांनी सांगितलं तसं केलं. पत्रा आरशासारखा निघाला! साच्यात घातला. वाटी अर्धीही झाली नाही, टक्कन आवाज, आणि बुडाला चीर.

समितीत पांढऱ्या केसांच्या एक मॅडम होत्या. त्या उठून पेटीपाशी गेल्या. माझे कोपरा कापलेले चांगले पत्रेही त्यातच ठेवलेले होते. "ये कोने कटे हुए किसके हैं?"

"रद्दी है मॅडम, वो छोड़िए," साहेब म्हणाले.

"रद्दी ही दबाइए।"

साहू भैयांनी माझा पत्रा साच्यात ठेवला. सगळे त्या टक्कची वाट पाहत होते. आवाज आलाच नाही. खोल, गुळगुळीत, अखंड वाटी बाहेर आली. पल्लवी तोंडावर हात ठेवून उभी.

मॅडमनी विचारलं, "किसने बेला?"

"हमारे विभाग ने," साहेब म्हणाले, आणि घाईघाईनं माझ्याकडे वळले. "बाई, खड़ी क्या हैं? मेहमानों के लिए चाय लाइए!"

मी गेले. चहाची किटली आणली. ट्रेमध्ये कप ठेवले नाहीत. त्या दोन वाट्या ठेवल्या, चीर पडलेली आणि अखंड, आणि ट्रे साहेबांसमोर धरला.

"कोणत्यात देऊ, साहेब?"

मग पांढऱ्या केसांच्या मॅडमनी हात पुढे केला आणि अखंड वाटी उचलली.

"मुझे इसमें। और पहले अपना नाम बताइए, पूरा।"