अठ्ठावीस गुंठे आणि चोवीस घोडे

माझ्या बायकोच्या वाट्याला माहेरी, नेऱ्याला, अठ्ठावीस गुंठे भातशेती आली आणि माझ्या डोक्यात ट्रॅक्टर शिरला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वर्षी घडल्या असत्या तर आमच्या घरात शांतता राहिली असती.

सासरे गेल्यावर बायकोच्या धाकट्या भावाला सगळी जमीन एकत्र विकायची होती. तो प्लॉटचे व्यवहार करतो. कुठल्याही जमिनीकडे पाहताना त्याला आधी तिच्यावरचा बंगला दिसतो, मग जमीन. माणूस वाईट नाही. आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटवर येऊन, चहात खारी बुडवत त्याने बहिणीला रोखठोक विचारलं, "ताई, पडीक ठेवायला जमीन कशाला पायजे तुला? माज्याबरोबर इकून टाक."

"पडीक कशाला? मी भात लावणार आहे."

"तू? सातव्या माल्यावरनं?"

"यंदाच लावून दाखवते."

"दाखव. लावणी पुरी झाली तर तुजा तुकडा वेगला, मी परत नाव काढणार नाय. नाय झाली तर दिवालीला सही करायची."

बायकोने "चालेल" म्हटलं आणि त्याच्या पुढ्यातली खारीची बशी उचलून आत नेली. जमीन कायद्याने तिचीच होती, पण भावाबहिणीत दिलेला शब्द कायद्याला जुमानत नाही. त्या अठ्ठावीस गुंठ्यांत ती लहानपणी चिखलात लोळलेली. तिच्या दृष्टीने तो भाव करायचा विषयच नव्हता.

तिची योजना सोपी होती. गावात हाताने धरून, मागे चालत चालवायचा छोटा टिलर असलेला एक जण आहे. त्याला दोन सकाळी बोलवायचं, चिखल करून घ्यायचा, बायका बोलवायच्या, लावणी उरकायची.

"आणि तो आलाच नाही तर?" मी म्हणालो. "दुसऱ्याच्या यंत्रावर आपली जमीन टांगायची? आपण आपला ट्रॅक्टर घेऊ. छोटा. योग्य आकाराचा."

आता, "योग्य आकाराचा" हे शब्द माझ्या तोंडून निघाले की घरातली माणसं खोली सोडतात. मी एकतीस वर्षं एका कंपनीच्या खरेदी विभागात काढली. तिथे स्टेपलर घ्यायचा तरी तीन ठिकाणचे भाव मागवून तुलनेचा तक्ता करावा लागे. निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी मला शाल दिली. तक्त्याची सवय कोणी काढून घेतली नाही.

तक्ता केला. पंधरा एचपी, अठरा, चोवीस, अठ्ठावीस असे उभे रकाने. आडव्या ओळींत वजन, डिझेल, गिअर, मागे लावायचा, माती घुसळणारा रोटाव्हेटर, सीटचा आराम, हेडलाइटचा आकार वगैरे. हेडलाइट कशाला, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, तुलना पूर्ण हवी.

हायवेच्या कडेच्या पहिल्या शोरूममधला विक्रेता दुर्दैवाने प्रामाणिक निघाला.

"साहेब, जमीन किती?"

"अठ्ठावीस गुंठे."

"म्हणजे एकरसुद्धा नाही." तो म्हणाला. "मग खरं तर विकत घेऊच नका. घ्यायचाच तर पंधराचा बास. अठरा म्हणजे डोक्यावरून पाणी."

मला अपमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा विक्रेता मला खाली खेचत होता आणि मी वर चढत होतो. "उद्या शेजारची जमीन घेतली तर?" मी म्हणालो. शेजारची जमीन एका काकींची होती आणि त्या ती मेल्याशिवाय सोडणार नव्हत्या, हे मला चांगलं माहीत होतं.

"शेतात जायला वाट केवढी आहे?" त्याने विचारलं.

"वाट कसली? अख्खं रान मोकळं आहे. मी परवाच स्कूटर आतपर्यंत नेली."

हे मी खरं सांगत होतो. फक्त ते एप्रिलमधलं खरं होतं. एप्रिलमध्ये नेऱ्याची शेतं म्हणजे एक भेगाळलेलं मैदान असतं. बांध गुडघ्याखाली, कोणाचं खाचर कुठे संपतं ते गुरांनाही कळत नाही. जुलैत तीच जमीन बंद दारांची चाळ होते. आमच्या तीन खाचरांना रस्ता नाही. डांबरी सडक आणि आमची जमीन यांच्या मध्ये काकींची दोन खाचरं. म्हणून तिकडे एक रिवाज आहे. आतल्याने आधी चिखल करायचा, आपलं औजार बाहेर काढायचं, मग बाहेरच्याने लावणी करायची. बाहेरचा आतल्यासाठी थांबतो. पण एकदा त्याने रोपं लावली की कापणीपर्यंत त्या शेतातून कुत्रंसुद्धा जात नाही.

बायकोने मला हे सांगितलं होतं. दोनदा. मी "हो, हो" म्हटलं होतं, कारण तेव्हा मी सीटच्या आरामाची ओळ भरत होतो.

आमच्या इमारतीतल्या तज्ज्ञांनी उरलेली कसर भरून काढली. त्यांपैकी एकाच्याही नखात कधी माती गेली नव्हती. "घेतोयस तर दमदार घे," एक म्हणाला. "पॉवर कधी वाया जात नाही," दुसरा म्हणाला. तो विमा कंपनीत होता. शेवटी चोवीस एचपी ठरला आणि त्यामागे पाच फुटी रोटाव्हेटर. चिखलात रुतू नये म्हणून लोखंडी पिंजऱ्याची चाकं वेगळी मिळतात. विक्रेत्याने ती घ्याच म्हणून सांगितलं. आमच्या खात्यात "वेगळं मिळतं" याचा अर्थ "खोडा" असा होतो. मी ती खोडली.

या सगळ्यात जुलै उजाडला. बायकोने जूनच्या सुरुवातीलाच शेताच्या कोपऱ्यात राब करून रोपं तयार केली होती. ती आता वीतभरावर वाढून माझी वाट बघत होती. काकीही बघत होत्या.

ट्रॅक्टर आला त्या सकाळी काकी छत्री घेऊन बांधावर उभ्या होत्या. त्या गावात मी सगळ्यांचाच जावई, त्यामुळे मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही आणि शिव्याही आदराने मिळतात.

"जावई, चार दिस थांबले तुमच्यासाठी. माजा राब पिवला पडला. आज चिखल करा नि यंत्र भायेर काढा. उद्या माज्या बाया येतान."

"काकी, दुपारच्या आत बाहेर," मी म्हणालो.

शोरूमच्या माणसाने अर्धा तास शिकवलं आणि तो सडकेवरूनच निघून गेला. शहाणा होता. मी काकींची दोन खाचरं ओलांडून आत शिरलो. पहिल्या खाचरात दोन फेऱ्या झकास झाल्या. मी मागे वळून बायकोकडे हातही हलवला. तिसऱ्या फेरीला वळायचं होतं. पाच गुंठ्यांच्या खाचरात माझा ट्रॅक्टर आणि पाच फुटी रोटाव्हेटर वळवणं म्हणजे आमच्या बाथरूममध्ये पलंग फिरवण्यासारखं. वळताना बांधाचा कोपरा गेला. पाणी दुसऱ्या खाचरात पळालं. बायको फावडं घेऊन धावली. मी घाबरून मागे घेतला, पुढे घेतला, पुन्हा मागे घेतला, आणि मागची चाकं अर्धी चिखलात बसली. मग मी ॲक्सिलरेटर दिला. तेवढंच राहिलं होतं. ट्रॅक्टर पोटावर टेकला.

"अहो, बंद करा!" बायको ओरडली. "जेवढं कराल तेवढा खाली जातोय!"

मी बंद केला. बेडकांचा आवाज अचानक स्वच्छ ऐकू यायला लागला.

ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर हवा होता. मी सुकापूरपर्यंत फोन फिरवले. पण लावणीच्या दिवसांत ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो स्वतःच्या चिखलात असतो. "परवा येतो," एवढंच मिळालं. काकींनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली. त्यांच्या सहा बाया रोपांच्या मुठी घेऊन सडकेवर बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघून एकमेकींना काहीतरी सांगत हसत होत्या.

मी बायकोला बाजूला घेतलं. "काकींना सांग, मधून आठ फुटांचा पट्टा मोकळा ठेवा म्हणावं. त्यांना भरपाई देऊ."

ती म्हणाली, "त्यांनी आपल्यासाठी पाच दिवस रोपं जून होऊ दिली. आता त्यांच्या भातातून तुमचा ट्रॅक्टर बाहेर काढायचा?"

"मग तो काय दिवाळीपर्यंत इथेच ठेवायचा?"

"हो."

आणि बांधावरून मोठ्याने म्हणाली, "काकी, लावा तुमी. आमच्यासाठी नका थांबू."

दुपारपर्यंत काकींची दोन्ही खाचरं हिरवी झाली आणि माझा नवा कोरा ट्रॅक्टर आत कोंडला गेला. मी सीटवर बसलो होतो. सीट खरोखर आरामदायक होती.

बायकोने तोपर्यंत फोन करून छोटा टिलरवाला गाठला होता. तो संध्याकाळी आला. काकींच्या बांधावरून त्याने आणि आणखी तिघांनी टिलर बांबूला बांधून खांद्यावर उचलला आणि पालखीसारखा आत आणला. चार माणसांना उचलता येईल एवढं यंत्र. माझ्या तक्त्यात पंधरा ओळी होत्या, पण ही ओळ नव्हती. टिलरवाल्याने माझ्या ट्रॅक्टरभोवती फिरत, त्याला न शिवता, तिन्ही खाचरांचा चिखल दोन सकाळींत लोण्यासारखा करून दिला. जाताना म्हणाला, "जावई, यंत्र चांगला हाय. जागा चुकली."

मेहुणा लावणीच्या शेवटच्या दिवशी आला. पांढरे बूट, हातात फोन. सडकेवरूनच त्याने पाहिलं: दोन खाचरं लावून झालेली, तिसऱ्यात बहीण आणि चार बाया वाकलेल्या, आणि मधोमध लाल रंगाचा ट्रॅक्टर, त्याच्या चारही बाजूंनी रोपं.

"ताई!" तो ओरडला. "ह्यो कंच्या जातीचा भात?"

बाया चिखलात हात टेकून हसायला लागल्या. बायको हसली नाही. तिची कंबर गेली होती. तिने फक्त अजून न लावलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं. चारपाच हात जागा, अंधारायला आलेलं, आणि बाया निघायच्या घाईत.

"एवढा राहिला," ती म्हणाली. "पुरी व्हायला पायजे होती ना तुला?"

मेहुण्याने कोपऱ्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे, मग सीटवर बसलेल्या माझ्याकडे. मी नजर चुकवली. एवढासा कोपरा उरला म्हणून तो शब्द फिरवेल असं मला वाटत नव्हतं, पण माणूस प्लॉटचे व्यवहार करतो. मी मनातल्या मनात त्या सहीचं पान बघत होतो. आणि ते पान माझ्या चोवीस घोड्यांनी इथवर ओढत आणलं होतं.

त्याने बूट काढले. सॉक्स आत कोंबून ते बांधावर नीट जोडीने ठेवले, पँट गुडघ्यावर दुमडली आणि चिखलात उतरला. वाकल्यावर पहिल्यांदा त्याच्या तोंडून "आई गं" निघालं, मग हात आपोआप चालायला लागले. बोटांत तीन-चार काड्या, अंगठ्याने दाब, पुढे. माझ्यापेक्षा शंभर पट सफाईने.

"तुझी ओळ वाकडी चाललीय," बायको म्हणाली.

"तुजीच वाकडी हाय. बाबा असते तर उपटायला लावली असती."

"तू माझी नको बघू. उद्या गिऱ्हाईक आणशील ते तुझ्या बाजूला उभं कर, माझ्या बांधावर नाही."

"नाय करत," तो खाली बघतच म्हणाला. "तुजा वेगला." थोड्या वेळाने मान वर न करता पुन्हा ओरडला, "दाजी, त्या सीटवर बसून काय बघताय? मुठी संपल्या. टाका इकडं!"

मी ट्रॅक्टरवरून उतरलो, पोटरीपर्यंत रुतलो, आणि बांधावरच्या मुठी एकेक करून त्याच्याकडे फेकायला लागलो. पहिली त्याच्या पाठीत बसली.