नातू कितवीला आहे?

आष्टीच्या बसस्टँडवर एक म्हातारा धनगर माझ्या शेजारी बसला होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून त्यानं नाशिकच्या नातीला फोन लावायला मला सांगितलं. मग फोन तोंडासमोर आडवा धरून तो तिच्याशी बोलू लागला, "काळी शेळी व्याली बग. एका करडाचा कान पांढरा हाय. नाव तूच ठेव." तिनं सांगितलेलं नाव त्यानं दोनदा म्हणून पाहिलं आणि फोन बंडीच्या खिशात ठेवला.

मी निवृत्त शिक्षक आहे हे कळल्यावर त्यानं विचारलं, "गुरुजी, तुमाला नातवंडं?"

"एक नातू. बेंगळुरूला असतो."

"कितवीला हाय?"

मला माहीत नव्हतं. "तिसरीला," मी ठोकून दिलं.

"मंग वाचता येत असंल त्याला. मला लिवता येत असतं, तर नातीला रोज चिठ्ठी धाडली असती."

तीस वर्षं मी पोरांना पत्रलेखन शिकवलं होतं. मला मान वर करवेना.

म्हातारा त्याच्या गाडीत बसून गेल्यावर मी मुलाला फोन लावला.

"पाचवीला आहे," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "का हो बाबा, काही काम होतं का?"