केराबाईंच्या बाहुलीच्या पोटात

केराबाईंवर पहिला संशय कुणी घेतला, हे आता गल्लीत कुणीच कबूल करत नाही. पण संशयाला जागा होती. अंगणवाडीची मदतनीस, खिचडी शिजवणारी, पोरांची नाकं पुसणारी बाई. ती येता येता कचराकुंडीशी थांबते, आत वाकते आणि बाहुल्या उचलून पदराखाली घेते! डोळा गेलेल्या, हात तुटलेल्या, कुणीतरी टाकलेल्या. त्याच कोपऱ्यावर अमावास्येला लोक उतारा ठेवतात, लिंबू, कुंकू, भात. तिथलं ओलांडायचंसुद्धा नसतं. ही उचलते.

"केरामावशी, भीती नाही वाटत?"

"आगं, मेंढरू लंगडं झालं म्हणून रानात सोडून येतो व्हय आपण?"

सांगोल्याकडच्या धनगराघरच्या त्या. नवरा सिद्धाप्पा गेला, मेंढरं विकली, त्या सोलापुरात भाच्याकडे आल्या. येताना लोकरीचं एक गाठोडं तेवढं आणलं. बाहुल्या धुवायच्या, चादरींच्या चिंध्यांचे हातपाय लावायचे, फाटक्या पोटात लोकर भरायची. मग खिचडी निवेपर्यंत पोरांना गोष्ट. गोष्टीतली टाकलेली बाहुली वेळेला चालत यायचीच. गड्ड्याच्या जत्रेत पोर हरवलं, की मोठ्या पाळण्यामागून तीच येऊन बोट धरणार.

"आन् म्हनती कशी, तू मला टाकलीस, पर मी कुटं टाकलंय तुला?"

पोरं आपापली बाहुली जवळ ओढायची. दारातल्या आया आपापलं पोर.

गल्लीतल्या पूनमची पोरगी प्रियदर्शनी घासाला तोंड उघडायची नाही. केराबाईंनी तिला एकडोळी बाहुली दिली. पोरगी एक घास बाहुलीच्या तोंडाला लावायची, दुसरा स्वतःच्या. ताट रिकामं. पूनमनं खूश व्हावं, तर ती घाबरलीच.

"माझ्या हातचं खात नाही, आणि हिच्या बाहुलीसोबत खाते? काय केलंय काय हिनं?"

तिनं कात्री घेतली आणि बाहुलीचं पोट उसवलं. आत लोकर. लोकरीत पिवळी पूड. पूनमनं फोटो काढून आयांच्या ग्रुपवर टाकला. सकाळी अंगणवाडीत पोरांपेक्षा आयाच जास्त.

"उद्या सुपरवायझर मॅडम येणार आहेत," अंगणवाडी चालवणाऱ्या भुवनेश्वरीताई हळूच म्हणाल्या. "पूनमनं तक्रार केली, तर तुमचं काम जाईल, मावशी. मला अडवता येणार नाही."

पूनमनं बाहुली समोर धरली. "हे काय आहे?"

"भंडारा. बिरोबाचा."

"बाहुलीच्या पोटात?"

"आमच्यात नव्या घोंगडीला आदी भंडारा लावत्यात, मग अंगावर घेत्यात. ही तर टाकलेली. तिला बी कुनाचं तरी म्हनायला नगं व्हय?"

"असं असेल तर खाऊन दाखवा," मागून आयांतली निंगव्वा ओरडली.

केराबाईंनी कमरेची पिशवी सोडली. चिमूट कपाळाला लावली, मग जिभेवर टाकली. सगळ्या बायका त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. आता पडेल, मग पडेल.

"हळद हाय गं. बसू का पडू, सांगा तरी."

कुणी हसलं नाही. निंगव्वा एवढंच म्हणाली, "तिला सवय असेल."

खिचडी वाढली. प्रियदर्शनीनं ताट सरकवलं.

"खा की गं."

"तिचं पोट फाटलंय. ती कसं खाणार?"

"तू खा ना पण."

"ती उपाशी, आणि मी कशी खाऊ?"

पूनमनं चुचकारलं, दटावलं, शेवटी गाल धरून घास कोंबला. पोरीनं तो थुंकला. रात्री घरीही तेच, दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. चहात बिस्कीट बुडवून दिलं, तर ते बाहुलीच्या उसवलेल्या पोटात सारलं.

मॅडम यायच्या आधी पूनम एकटीच आली. हातात कापूस, सुई, दोरा.

"शिवा. पण कापूस माझा. दोरा माझा. आणि हात मला दिसले पाहिजेत."

"बघ की बया. चष्मा लावून बघ."

केराबाई शिवत होत्या, पूनम टाक्याटाक्याला वाकून बघत होती. शेवटचे टाके राहिले. प्रियदर्शनीनं बाहुलीच्या पोटात बोट घातलं.

"पिवळं कुठंय?"

"नको ते," पूनम म्हणाली.

"मग ती येणार नाही. मी हरवल्यावर."

केराबाई सुई धरून थांबल्या. त्यांनी पिशवीला हातही लावला नाही. पूनमनं दाराकडे पाहिलं. निंगव्वा नव्हती, कुणीच नव्हतं.

"आधी मी चाखणार."

चाखलं. तोंड वाकडं केलं. थोडा वेळ पोटावर हात ठेवून बसली, काही होतंय का बघत. मग म्हणाली, "घाला. चिमूटभरच. माझ्यासमोर."

मॅडम आल्या तेव्हा पोरगी जेवत होती, एक घास तिला, एक मला. दारात आया जमल्या होत्या. निंगव्वा पूनमला कोपरानं ढोसत होती.

"काही तक्रार आहे म्हणे?" मॅडमनी विचारलं.

केराबाईंचा वाढायचा डाव खिचडीत तसाच राहिला.

"आहे," पूनम म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या. "खिचडीत मीठ कमी असतं."

"आगं, मग काल सांगायचं न्हाय का!" केराबाई म्हणाल्या, आणि मिठाचा डबा शोधायला लागल्या.

पूनम मात्र तो डबा उघडेपर्यंत त्यांच्या हातांकडेच बघत होती.