फक्कीची रेघ

उमरग्याला हायवेलगत तीन गाळ्यांच्या इमारतीची आखणी माझ्याकडं होती. मिस्त्री वयानं माझ्या वडलांएवढे. मी स्वतः काढलेला नकाशा बघून मापं सांगायचो आणि ते पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर रेघा मारायचे. समोरची रेघ मारताना ते थांबले.

"साहेब, गाळ्यांपुढं एवढ्या जागेत ट्रक वळायचा न्हाय."

मी भडकलो. "नकाशा तुम्हाला कळतो का मला? मारा रेघ."

त्यांनी मुकाट्यानं मारली.

गाळे उभे राहिले, सिमेंटचं दुकान लागलं, आणि पहिलाच ट्रक आत वळेना. तो हायवेवरच उभा करून हमालांनी पोती पाठीवरून आणली. इमारतीच्या मालकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"ही आखणी कुणाची?"

मी नुसता घसा खाकरला. मिस्त्री पुढं झाले. "फक्की म्याच मारली व्हती, मालक."

मालकांनी त्यांना चारचौघांत नाही नाही ते सुनावलं.

मिस्त्री खोटं बोलले नव्हते. रेघ त्यांच्याच हातची होती. नकाशा मात्र माझा होता. दाखवायला म्हणून आणलेला तो नकाशा मी काखेत आणखी घट्ट दाबला.