नांगर सोडा

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास एकमेकींना घट्ट बांधलेल्या चार शिडाच्या होड्या, त्यांतली पाच माणसं आणि भाकरीचा एक डबा सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या फुगवट्यात सुमारे एक किलोमीटर वाहत गेले. नांगर त्याआधीच पाण्यात टाकलेला होता. कोणी जखमी झालं नाही. (धरणाचं नाव देत नाही. अर्ज प्रलंबित आहे.)

अर्ज माझ्या थोरल्या भावाचा. दादा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. तिथे त्याने पंधरा वर्षं जवानांना शिडाची होडी चालवायला शिकवलं. गावी परतल्यावर घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून त्याने प्लायवूडच्या चार होड्या स्वतः बांधल्या. काठावरच्या गावांतल्या मुलांसाठी शिडाच्या होड्यांची शाळा काढायची, एवढंच त्याला करायचं होतं. त्यासाठी धरणाच्या कार्यालयाची परवानगी हवी होती आणि परवानगीआधी तिथल्या अभियंता मॅडम पाहणी करणार होत्या.

पाहणीत एकच गोष्ट दाखवायची होती. वर्ग पाण्यावर भरणार, म्हणून चारही होड्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि एका नांगरावर तासभर एका जागी उभ्या ठेवायच्या. जागेवर राहिल्या तर शाळा, नाहीतर नाही.

चार होड्यांना चार माणसं लागत होती: दादा, वहिनी, वहिनींचे पलूसचे भाऊ बापू आणि मी. बापूंचा ऊस आहे आणि दंड त्या मानाने आहेत. त्यामुळे सगळ्यात जड होडी त्यांच्याकडे आणि नांगरही त्यांच्याकडे. सरावात त्यांनी तीन वेळा नांगर बिनचूक टाकला. तेव्हा आज्ञा इंग्रजीत होती.

इथे माझा संबंध येतो. मी सांगलीच्या एका वर्तमानपत्रात बावीस वर्षं बातम्या तपासल्या. (आमच्याकडे अँकर म्हणजे पहिल्या पानाच्या तळाशी लागणारी बातमी. अँकरचा माझा अनुभव एवढाच.) इंग्रजी शब्द दिसला की माझा हात लाल पेनाकडे जातो. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी मी दादाला म्हणालो, "पोरं इथली, शाळा मराठी आणि हुकूम 'लेट गो अँकर'? मॅडम काय म्हणतील?"

"मॅडम होड्या बघाय येनार हायत. शुद्धलेखन तपासाय न्हाई," दादा म्हणाला.

तरी मी चौदा आज्ञांची मराठी यादी टाइप केली आणि सगळ्यांना एकेक प्रत दिली. 'अँकर'ला नांगर. 'लेट गो'ला सोडा. मराठीत नांगर टाकतात, हे मला माहीत होतं. पण मूळ आज्ञेत टाकणं नव्हतं, सोडणं होतं. आणि भाषांतर मुळाला धरून असावं, असं मी बावीस वर्षं इतरांना सांगत आलो होतो.

वहिनींनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "भावजी, भाकरीला काय म्हनायचं ते न्हाई लिवलं ह्यात."

बापूंनी मात्र घडी घालून खिशात ठेवला. "पावण्यांनी लिवलंय म्हंजी बरुबरच आसंल."

दुसऱ्या दिवशी मॅडम दादाच्या होडीत बसल्या. त्या खंडाळ्याच्या, धरणावर अभियंता, बोलायला कमी. हातात फाईल. फुगवट्याच्या मधोमध बापूंची होडी आधी जाऊन थांबली. आम्ही तिघं थोडं मागे होतो. दादाने हात वर केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आज्ञा दिली, "नांगर सोडा."

बापू खाली वाकले. जरा वेळ लागला. दादाने हात खाली केला. मोठा धप्प आवाज झाला. दादाने मान डोलावली.

मग एकेक होडी बापूंच्या होडीला येऊन लागली. घासू नयेत म्हणून मधे स्कूटरचे जुने टायर. दोर बांधायचं काम बापूंनी कोणाला करू दिलं नाही. "उसाची ट्रॉली बांधतू मी. कारखान्यापातुर गाठ हालत न्हाई." शिडं उतरवली. वहिनींनी डबा उघडला. मॅडमनी घड्याळ पाहून फाईलमध्ये वेळ लिहिली.

पंधरा मिनिटं सगळं फार छान होतं. एकत्र बांधलेल्या होड्या एकत्रच हलतात, त्यामुळे काहीही हलल्यासारखं वाटत नाही. मॅडमनी पिठल्याला बरं म्हटलं. मग म्हणाल्या, "ती बाभळ मघाशी समोर होती."

"नांगरावर होडी झुलते, मॅडम," मी सांगितलं. (हे मी पुस्तकात वाचलं होतं.)

"आणि ते जॅकवेल?"

जॅकवेल म्हणजे पाणी उपसणाऱ्या पंपांची विहीर, पाण्यात उभा असलेला काँक्रीटचा बुरूज. त्याच्या जवळ जायला मनाई आहे. तो आता बराच मोठा दिसत होता.

दादा उभा राहिला. "बापू, नांगराचा दोर ताणलाय का बघा."

"कंचा दोर?"

"नांगराचा."

"त्यो गेला की नांगरासंगं."

"होडीला बांधल्याला हुता न्हवं?"

"व्हय. मी सोडला." बापूंनी खिशातून माझा कागद काढला. "नांगर सोडा म्हनला तुमी. सोडला. मग तुमी हात खाली केला. खाली टाकला."

पलूसला नांगर सोडायचा म्हणजे काम आटोपलं, ट्रॅक्टरमागचा नांगर काढून मोकळा करायचा. बापूंनी आज्ञेत कानामात्रेचा फरक केला नव्हता.

शिडं चढवायची तर होड्या वेगळ्या करायला हव्या होत्या. गाठी सुटेनात. बापूंनी स्वतः प्रयत्न केला, मग दातांनी केला. "लय पक्की बसलीया," ते म्हणाले, आणि त्यात थोडा अभिमानही होता. वल्ही दोनच. वहिनी परातीने पाणी मागे ढकलू लागल्या. तेवढ्यात चारही होड्या, टायर आधी, जॅकवेलच्या शिडीला जाऊन टेकल्या. वरून पहारेकरी डोकावला.

"पास हाय का?"

मॅडम त्यांच्याच कार्यालयाने लावलेल्या प्रवेशबंदीच्या फलकाखाली बसल्या होत्या. त्यांनी दादाकडे वळून विचारलं, "सुभेदार, चूक कोणाची?"

"माजी, मॅडम," बापू म्हणाले.

"न्हाई. हुकूम माझा हुता," दादा म्हणाला.

यादीची माझी प्रत माझ्या हातात होती. मी ती खिशात घातली आणि शिडीकडे पाहत राहिलो. बोलायला वेळ भरपूर होता. पहारेकरी कोयता आणायला गेला होता, आणि गाठी कापून होईपर्यंत अर्धा तास गेला.

घरी परतताना दादा वाटेत एकदाच बोलला. "टाका लिवलं आसतंस, तर कागद पुरला नसता का?"

बापूंनी पुढचा आख्खा रविवार लोखंडी गळ घेऊन नांगर शोधला. सापडला नाही.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. होड्यांची बांधणी: उत्तम. होड्या एकमेकींना बांधणे: अत्यंत उत्तम. होड्या एका जागी राहणे: नाही. परवानगी तूर्त नाकारली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी नावं दिलेल्या अकरा मुलांच्या घरी दादा स्वतः जाऊन सांगून आला. मी बरोबर येतो म्हणालो. तो म्हणाला, नको.

मॅडमना मी एक पत्र लिहिलं, शब्द माझा होता म्हणून. पत्र चांगलं झालं होतं. ते पोहोचायच्या आत मॅडमची बदली झाली.

गेल्या महिन्यात दादाने नव्याने अर्ज दिला. सोबत चार होड्यांच्या चालकांची यादी आहे. पहिलं नाव दादाचं, दुसरं बापूंचं, तिसरं वहिनींचं. चौथं वहिनींच्या मैत्रिणीचं आहे. त्या अजून शिकत आहेत.