चाचांची विहीर, माझं बोअर

पाणी दाखवायला आले की चाचा वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच चपला काढत, आणि मग तोंडाला कुलूप. एरवी हा माणूस डोणगावच्या स्टँडवर उभा राहिला की चार एसट्या निघून गेल्या तरी गप्पा संपायच्या नाहीत. वावरात शिरला की मुका! अनवाणी फिरायचे, मध्येच टाच रोवायचे, "इथं हाय. खोद." गावातल्या निम्म्या विहिरी त्या टाचेनं दाखवलेल्या. सगळे त्यांना पाणीवाले चाचाच म्हणत. खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक.

मग गावाबाहेरच्या वावरांत चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट विकले गेले. आम्हा मास्तरांनाही शहरासारखं घर हवंच होतं की! मी चाचांनाच बोलावलं. माझ्या प्लॉटला लागूनच त्यांची विहीर आणि लिंबूची बाग. तरी गड्यानं टाच रोवली. तिथं बोअर मारलं, पाणी उसळलं, चाचा लहान पोरासारखे भिजले. शेजारच्या प्लॉटवाल्यांनाही त्यांनीच जागा दाखवल्या.

"चाचा, तुमच्या विहिरीचं पाणी कमी नाही का व्हायचं?"

"अल्लाचं पाणी हाय बे मास्तर, माह्या बापाचं हाय का?"

दोन उन्हाळ्यांत त्यांची विहीर आटली. लिंबूची झाडं वाळू लागली. चाचा माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मले समजूनच नाही राह्यलं. मीच माह्या हिरीची शीर तोडली का? का पाऊसच कमी झाला?" मला तरी कुठे कळत होतं? शेवटी तेच म्हणाले, "एक दिवस समदे बोर बंद ठेवा. मी हिरीवर बसतो. पाणी आलं तं बोर चालवाची पाळी बांधू. झाडं वाचतीन."

सगळे हो म्हणाले. मीही. पण आदल्याच दिवशी माझ्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला होता. पाणी मारलं नाही तर तडे जातील, म्हणून दुपारी मी मोटर चालू केली. तासभरच, हो!

सांजेला चाचा आले. दिवसभर उन्हात बसून चेहरा काळवंडलेला, पण हसत होते. "थेंब नाही आला, मास्तर! म्हंजे चूक माही नाही. तुमचीबी नाही." त्यांनी माझा हात घट्ट धरला. सांगावंसं फार वाटलं. म्हणालो, "चहा घ्या, चाचा."

आठवड्याभरात त्यांनी बाग तोडली, जानेफळला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. त्या तासाभरात थेंब आला असता का? देवाशप्पथ, मला कळत नाही. बाकीच्यांनी तरी त्या दिवशी मोटरी बंद ठेवल्या होत्या का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. आणि मलाही कुणी विचारलेलं नाही.